टेनर सॅक्सोफोनची रीड : नंबर किती, कट कोणता?

झुळूक

मंडळी, अल्टो सॅक्सोफोन सोडून (म्हणजे कपाटात ठेवून) टेनरवर आले आहे. अल्टोवर तीन नंबरची रीड (माउथपीसवर बांधायची, फुंकल्यावर थरथरणारी नळ-गवताची पातळ पट्टी; नंबर जितका मोठा तितकी ती कडक) अंगवळणी पडली होती, म्हणून टेनरलाही तीनच घेतल्या. व्हँडोरेनच्या निळ्या डब्यातल्या, ट्रॅडिशनल. माउथपीस ओटो लिंकचा, रबराचा, ७ स्टार. वाद्य तपासून घेतलं आहे, पॅड कुठे गळत नाहीत.

मधलं सप्तक बरं वाजतं. खाली उतरले की पंचाईत. लो डीपर्यंत ठीक, पण सी, बी, बी फ्लॅट हळू वाजवायचे म्हटले तर आधी नुसती हवा, मग कधीतरी सूर, तोही दचकून उठल्यासारखा. जोर लावला तर निघतात. आणि थोड्याच वेळात खालचा ओठ हुळहुळायला लागतो.

नेटवर शोधलं तर जितकी तोंडं तितक्या रीड्स. कुणी अडीच म्हणतं, कुणी म्हणतं टेनरला साडेतीनशिवाय आवाजच नाही. फाइल्ड-अनफाइल्ड या रीडच्या दोन कटांचा घोळ वेगळाच. शिवाय एकाच डब्यातल्या पाच रीड्सचे पाच स्वभाव. कृत्रिम रीडकडे वळावं का, असाही किडा डोक्यात वळवळतोय. तुम्ही काय वापरता आणि मुख्य म्हणजे का, ते सांगाल? नुसती ब्रँडची नावं नकोत, कारणं हवीत.

फुंकणी

वाचतोय. पहिल्या रांगेत सतरंजी टाकली आहे.

खर्जातला

माउथपीस आधीच सांगितलात हे फार बरं केलंत. एरवी अशा धाग्यावर पन्नास प्रतिसाद होतात आणि मग कुणीतरी विचारतं, "पण माउथपीस कोणता?"

ओटो लिंकच्या टेनर माउथपीसवर ७ स्टार म्हणजे टोकाशी ०.१०५ इंच फट, साधारण २.६७ मिलिमीटर. शिकाऊ किंवा शास्त्रीय वळणाच्या टेनर माउथपीसची फट दोन मिलिमीटरच्या आसपास असते. ऐकायला फरक नखाएवढा, पण रीडला प्रत्येक कंपनात तेवढं जास्त अंतर वाकून जावं लागतं. टेनरचे सूर लिहिल्यापेक्षा खाली वाजतात, त्यामुळे तुमचा लो बी फ्लॅट प्रत्यक्षात ए फ्लॅट वाजतो, सेकंदाला सुमारे १०४ कंपनं. म्हणजे सेकंदाला १०४ वेळा ती रीड फटीकडे झुकून परत यायला हवी, आणि हळू वाजवताना तिला हलवायला हवेचा दाबही कमी मिळतो. कडक रीड तिथे बधत नाही. मग आपण नकळत ओठाने दाबून ती फट कमी करतो. ओठ दुखतो तो म्हणूनच.

ढोबळ नियम असा की फट मोठी तर रीड मऊ, फट लहान तर रीड कडक. त्याला जोडून दुसरी गोष्ट फेसिंगची, म्हणजे रीड माउथपीसपासून कुठून सुटायला लागते ती. फेसिंग लांब असेल तर तीच रीड मऊ वाटते, आखूड असेल तर कडक. त्यामुळे दोन ७ स्टारसुद्धा सारखे निघतील याची खात्री नाही.

अल्टोचा तीन टेनरला लावू नका. अल्टोवर तुमची फट किती होती ते माहीत नाही, पण बहुधा बरीच लहान असणार. ट्रॅडिशनल ३ मला ७ स्टारवर जड वाटते. अडीचवर या.

फुंकणी

माझे दोन पैसे. मी टेनरला साडेतीन वाजवतो आणि खालचे सगळे सूर व्यवस्थित निघतात. अडीचवर आवाज पातळ होतो, भणभणतो. आधी दम वाढवा, रीड उतरवू नका. मोठमोठे वादक उगाच कडक रीड वाजवत नव्हते. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

खर्जातला

दिवा घेतला, पण तुमचा माउथपीस कोणता ते सांगा.

फुंकणी

५ स्टार. 😀

खर्जातला

घ्या! तो ०.०८५ इंच. तुमचा साडेतीन आणि झुळूकताईंचा अडीच कदाचित एकाच जागी येऊन भेटतील. मोठ्या वादकांच्या रीड-माउथपीसच्या याद्या वाचायला मजा येते, पण त्यातला एक आकडा उचलून आपल्या तोंडाला लावण्यात काही अर्थ नाही. कुणाचा माउथपीस आतून घासून घेतलेला, कुणी रीड चाकूने तासायचा, कुणी वापरून वापरून मऊ झालेलीच वाजवायचा. डब्यावर ५ होतं म्हणजे वाजताना ५ होतं असं नाही.

आणि कडक रीड म्हणजे बढती नव्हे. शाळेतल्या इयत्तांसारखं दोन, अडीच, तीन असं चढत जायचं हे कुठून आलं कोण जाणे. सुरुवातीला ओठांची पकड घडेपर्यंत नंबर थोडा वाढतो हे खरं. पुढे तो माउथपीसवर ठरतो, वादकाच्या वयावर किंवा मानावर नाही.

अलगूज

मी शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर नव्या विद्यार्थ्यासोबत येतो. खर्जातला यांच्या म्हणण्यात दोन गोष्टींची भर.

पहिली म्हणजे नंबर हा जाडीचा नसतो. एका मॉडेलच्या सगळ्या रीड्स एकाच साच्याने कापतात. मग यंत्र टोकाजवळ दाब देऊन रीड किती लवते ते बघतं आणि त्यावरून तिला दोन, अडीच, तीन अशा गटात टाकतं. म्हणजे दोन आणि तीनमध्ये फरक आहे तो त्या नळाच्या ताठपणाचा. गट म्हटलं की त्याला कड आली. अडीचच्या डब्यातली सगळ्यात ताठ रीड आणि तीनच्या डब्यातली सगळ्यात लवचीक रीड या सख्ख्या शेजारणी असतात. पाच रीड्सचे पाच स्वभाव होण्याचं एक कारण हेच.

दुसरी म्हणजे एका कंपनीचा अडीच दुसरीचा अडीच नसतो. व्हँडोरेनची ट्रॅडिशनल त्यातल्या त्यात कडक बाजूची. तिचा अडीच डॅडारिओच्या रॉयलच्या तीनच्या जवळपास जातो. (रॉयल म्हणजे पूर्वीची रिको रॉयल. रिको कंपनी २००४ मध्ये डॅडारिओकडे गेली, म्हणून जुन्या लेखांत नावं वेगळी दिसतील.) व्हँडोरेनचीच जावा त्याच नंबरला ट्रॅडिशनलपेक्षा मऊ लागते. डॅडारिओच्या सिलेक्ट जॅझमध्ये प्रत्येक नंबराचे सॉफ्ट, मीडियम, हार्ड असे तीन पोटभाग आहेत, म्हणजे २ हार्डनंतर ३ सॉफ्ट. ला व्होझवर तर नंबरच नाही, सॉफ्टपासून हार्डपर्यंत नुसते शब्द. कंपन्यांचे तुलनेचे तक्ते नेटवर मिळतात. दिशा कळण्यापुरते ते ठीक.

झुळूक, एक चाचणी करून बघ. वाद्य बाजूला ठेव. नुसता माउथपीस, रीड लावलेला, नेहमीच्या पकडीने मध्यम जोरात वाजव आणि ट्यूनरवर सूर बघ. ट्यूनर नेहमीच्या सेटिंगवर, टेनरसाठी बदललेला नको. टेनरच्या माउथपीसवर जी यायला हवा, जॅझवाले त्याच्याही थोडे खाली वाजवतात. तुझा किती येतो ते सांग.

झुळूक

खर्जातला, अलगूजताई, आभार. फुंकणी, तुमच्या ५ स्टारने अर्धा गोंधळ मिटवला.

ताई, चाचणी केली. ए आणि ए शार्पच्या मध्ये येतोय. खाली आणायचा प्रयत्न केला तर आवाजच बंद होतो.

अलगूज

मग उत्तर मिळालं. ए हा अल्टोच्या माउथपीसचा सूर. तू टेनरवर अल्टोची पकड घेऊन बसली आहेस, आणि तीनची रीड तुला ती सोडू देत नाहीये. पकड सैल केली की फट पूर्ण उघडते आणि तेवढी फट हलवायला ती रीड तयार नाही, म्हणून आवाज बंद. रीड मऊ केल्याशिवाय पकड सैल होणार नाही आणि पकड सैल केल्याशिवाय मऊ रीड आवडणार नाही. दोन्ही एकदम कर. पहिले काही दिवस आवाज बोंबलेल, घाबरू नको.

रानबोरू

फाइल्ड-अनफाइल्डवर कुणी बोललं नाही, म्हणून मी येतो. जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

रीड हातात घ्या. मागचा अर्धा भाग सालीसकट, चकचकीत. पुढचा भाग तासलेला, टोकाकडे पातळ होत जाऊन मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. साल संपते आणि तासलेला भाग सुरू होतो तिथे कमान दिसते. अनफाइल्ड रीडमध्ये ती कमान तशीच सोडतात. फाइल्डमध्ये कमानीच्या मागची थोडी साल आणखी खरवडून सरळ आडवी कड करतात. एवढाच फरक. पण त्यामुळे रीडचा मागचा भाग किंचित मोकळा होतो. सूर लवकर उठतो, विशेषतः खालचे, आणि आवाजात थोडी चमक येते. अनफाइल्ड जरा अडवते, आवाज एकवटलेला ठेवते.

निवडताना मी एवढंच बघतो की माउथपीसचा स्वभाव कसला. आतून मोकळा, गडद आवाजाचा असेल (रबरी ओटो लिंक याच जातीचा), तर फाइल्ड रीड त्याला जागं करते. आतला बॅफल (रीडसमोरचं आतलं छत) उंच असेल आणि माउथपीस मुळातच किंचाळणारा असेल, तर अनफाइल्ड त्याला आवरते. हा नियम नाही, सुरुवात कुठून करायची एवढंच.

आता नावं, कारणांसकट. व्हँडोरेन कंपनी पॅरिसमध्ये १९०५ ला सुरू झाली, आणि त्यांची ट्रॅडिशनल ही मुळात शास्त्रीय वळणाची रीड. टोक फार पातळ, मधला कणा भरीव. स्पष्ट, शुद्ध आरंभ हवा असेल तर उत्तम. १९८३ मध्ये त्यांनी जावा काढली, जॅझ आणि पॉप वाजवणाऱ्यांसाठी. तिचं टोक जाड आणि पुढचा पट्टा जास्त लवचीक. हिरव्या डब्यातली साधी जावा अनफाइल्ड, लाल डब्यातली जावा रेड फाइल्ड. मग जॅझवाले म्हणाले, आणखी लाकूड हवं. म्हणून १९९३ मध्ये व्ही १६ आली, तिचं टोक जावापेक्षाही जाड. डॅडारिओची सिलेक्ट जॅझ तर दोन्ही कटमध्ये मिळते, तेव्हा कटचा फरक समजून घ्यायचा असेल तर एकाच नंबराची तीच घ्या, एक डबा फाइल्ड आणि एक अनफाइल्ड. बाकी काही बदलू नका. कान लगेच सांगतो.

झुळूक यांच्यासाठी माझं मत जावा रेड अडीच, नाहीतर सिलेक्ट जॅझ फाइल्ड २ हार्ड. दोन्ही एकदम नको. एक निवडा.

गमभन

प्रतिसाद काढून टाकला आहे.

निषाद_कोमल

एवढा सगळा खटाटोप कशाला? लेजेर कंपनीची कृत्रिम रीड घ्या आणि सुटा.

मी नाटकांना साथ करतो. मांडीवर टेनर, शेजारी क्लॅरिनेट, पलीकडे बासरी. टेनर स्टँडवर बराच वेळ नुसता उभा असतो आणि मग अचानक हळू खालच्या सुरावर प्रवेश. नळाची रीड तोवर वाळून टोकाशी लाटेसारखी वाकडी झालेली असते. कृत्रिम रीड पॉलिप्रॉपिलीनची, तिला ओलं करायचं नसतं, उचलली की वाजली. लेजेरचे नंबर पाव पाव वाढतात (सव्वादोन, अडीच, पावणेतीन), त्यामुळे नेमकी जागा सापडते. आणि आज जशी वाजली तशीच उद्या वाजते.

रानबोरू

आणि परवाही तशीच. तोच तर त्रास आहे. 🙂

गंमत सोडा. मीही वाजवली आहे. मोठ्याने वाजवताना फरक फारसा कळत नाही, हे मान्य. हळू आवाजात मींड घेताना, सूर ओठाने खाली ओढून परत आणताना, नळ ज्या प्रकारे ओठाला उत्तर देतो ते मला कृत्रिममध्ये मिळालं नाही.

निषाद_कोमल

तुम्हाला मिळालं नाही हे मान्य. प्रेक्षागृहातल्या कुणालाही ते ऐकू येत नाही, हेही माना.

एक सावधगिरी मात्र सांगतो. कृत्रिम रीड घेताना नळाच्या नंबराशी जुळवायला जाऊ नका, कंपनीचा तक्ता बघा आणि शक्य असेल तर वाजवून घ्या. चुकीच्या नंबराची नळाची रीड घासून-कापून सुधारता येते, हिचं तसं काही होत नाही. आणि ती अमर नसते. हळूहळू मऊ पडते, इतकी हळूहळू की कळत नाही. दोन आलटून पालटून वापरा, म्हणजे तुलनेला एक राहते. उन्हात किंवा गरम गाडीत ठेवली तर मऊ वाटते, गार पडली की परत ताठ.

अलगूज

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघांची कामं वेगळी आहेत. झुळूकला सध्या पकड बदलायची आहे. त्या काळात एक कृत्रिम रीड जवळ असणं वाईट नाही. रोज तीच राहते, म्हणून आज आवाज बिघडला तर तो ओठाने बिघडवला, हे नक्की कळतं. नळाच्या रीडवर दोष ढकलायची सोय जाते.

झुळूक

😀 सोय जाते हे पटलं.

डब्यातल्या रीड्सबद्दल सांगा ना. पाचांपैकी दोन छान, एक बरी, दोन ठोकळा. त्या दोनांचं काय करू?

खर्जातला

पहिल्या दिवशी कुठल्याही रीडचा निकाल लावू नका. नळ हे गवत आहे, वेळूच्या कुळातलं, शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स. फ्रान्सच्या दक्षिणेला व्हार भागातला प्रसिद्ध, अर्जेंटिनातही होतो. दोन वर्षं वाढू देऊन कापतात, वाळवतात, मग रीड होते. तो पुन्हा ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि पहिल्या काही वेळा हे वेडंवाकडं होतं.

माझी पद्धत साधी आहे. नवी रीड पाण्यात दोनतीन मिनिटं. पाच-दहा मिनिटं मध्यम आवाजात, मधल्या सप्तकात वाजवायची. वर किंचाळायचं नाही, खाली गर्जायचं नाही. काढायची, पुसायची, सपाट जागी ठेवायची. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. अशा चार रीड्स एकदम तयार करायच्या आणि मागे पेन्सिलने एक ते चार आकडे घालायचे. आठवड्याने बघितलं तर पहिल्या दिवशीची लाडकी मरगळलेली असते आणि ठोकळा म्हणून बाजूला ठेवलेली छान बोलत असते. पहिल्याच दिवशी सर्वांगसुंदर वाजणारी रीड मला संशयास्पद वाटते. ती लवकर मऊ पडते.

रानबोरू

यावर एक गोष्ट जोडतो, जिच्यावरून माझं आणि खर्जकाकांचं जुनं भांडण आहे.

आठवड्यानंतरही ठोकळा असेल तर आधी पाठ बघा. सपाट काचेवर ठेवून हलते का? हलत असेल तर पाठ फुगली आहे, माउथपीसवर नीट बसत नाही, हवा गळते. दुसरी चाचणी म्हणजे माउथपीस नेकवरून (वाद्याच्या वाकड्या गळ्यावरून) काढा, मागचं तोंड तळव्याने बंद करा, पुढून हवा ओढून घ्या आणि ओठ सोडा. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग टप्पकन सुटली तर बसली आहे. लगेच सुटली तर एक तर रीड वाकडी, नाहीतर माउथपीसच वाकडा. सगळ्या रीड्स नापास होत असतील तर माउथपीसवर संशय घ्या.

पाठ फुगली असेल तर काचेवर सहाशे नंबरचा वॉटर पेपर ठेवून पाठ हलकेच चार-सहा वेळा फिरवायची. बोटाचा दाब मागच्या जाड भागावर, टोकावर अजिबात नाही.

पाठ सपाट आहे आणि तरी ठोकळा? मग एक कड दुसरीपेक्षा ताठ असू शकते. माउथपीस तोंडात किंचित डावीकडे वळवून वाजवा, मग उजवीकडे. एक बाजू ओठाने दाबली की दुसरी एकटी बोलते. जी बाजू घुसमटलेली वाटेल तिच्या कडेच्या भागावरून, टोकापासून जरा मागे, एक-दोन हलके हात मारायचे. यासाठी एक्विसेटम नावाच्या वनस्पतीच्या सुकलेल्या दांड्या मिळतात, रीड रश म्हणतात. त्यात सिलिका असते, सँडपेपरपेक्षा जास्त मऊ हाताने काम होतं. खरवडा, वाजवा, खरवडा, वाजवा. मधल्या कण्याला हात लावू नका, तिथून गेलेलं परत येत नाही.

खर्जातला

भांडण पाठीवरून नाही, पाठ मीही घासतो. कडा खरवडण्यावरून आहे. ज्याला अजून स्वतःची पकड सापडलेली नाही त्याने रीडच्या कडा खरवडायला घेतल्या तर तो आपल्या वाकड्या ओठाला जुळणारी वाकडी रीड तयार करतो. आधी सहा महिने न खरवडता वाजवा.

सोपी हत्यारं आधी वापरा. रीड माउथपीसवर केसभर वर सरकवली की कडक होते, केसभर खाली घेतली की मऊ. नेहमीची जागा अशी की समोरून बघताना रीडच्या टोकावर माउथपीसची काळी रेघ जेमतेम दिसावी. तिथून इकडेतिकडे करून बघा. टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांना सारखं अंतर हवं, तिरपी लागली तर ती चिरकणारच.

रानबोरू

सहा महिने जरा जास्त सांगितलेत, पण विद्यार्थ्यांच्या बाबतीत मान्य.

मऊ पडलेल्या रीडचं टोक कापून ती पुन्हा ताठ करायचं कात्रीयंत्र मिळतं, रीड ट्रिमर. केसभर कापलं तर थोडे दिवस उसने मिळतात. त्याहून जास्त अपेक्षा नको. टोक नेमकं टेनरच्या वळणाचं कापणारं यंत्र हवं, अल्टोचं चालत नाही.

फुंकणी

जाता जाता, लिगेचरवर (रीड माउथपीसला बांधणाऱ्या पट्ट्यावर) कुणी काही बोलत नाही?

अलगूज

मुद्दाम बोलत नाही. रीड हलू नये एवढं घट्ट, चेंगरू नये एवढं सैल. बाकी चर्चेला वेगळा धागा काढा, मी तिकडे फिरकणार नाही.

झुळूक

महिनाभराने येतेय. जावा रेड अडीच घेतली, बाकी काही बदललं नाही. माउथपीसचा सूर आता जी शार्पच्या जवळपास येतो. लो सी हळू निघतो, बी निघतो, बी फ्लॅट दहातल्या आठ वेळा. ओठ दुखत नाही.

पण वरच्या टोकाला नवं दुखणं. पाम कीचे (तळव्याने दाबायच्या कळांचे) डी, ई, एफ उतरतात, म्हणजे सुरापेक्षा खाली वाजतात. ई तर चांगलाच. तीनवर ते सुरात होते. मग पावणेतीनसारखं काही शोधू का?

खर्जातला

अजून नको. तीनवर ते सुरात होते कारण तुम्ही दाबत होतात. दाबायची सवय ओठातून गेली, पण वरच्या सुरांना जो आधार लागतो तो अजून दुसरीकडून येत नाहीये. हवेचा वेग आणि जिभेची मागची बाजू उंच, असा तो आधार. हा पल्ला लहान नाही. वरचा एफ म्हणजे प्रत्यक्षात ई फ्लॅट, सेकंदाला सुमारे ६२२ कंपनं, खालच्या बी फ्लॅटच्या सहापट. सहापटीचा हा पल्ला ओठ न आवळता सांभाळायचा तर घशाला शिकवावं लागतं.

यासाठी ओव्हरटोन करा, म्हणजे एकाच बोटांवर वरचे सूर काढा. बोटं लो बी फ्लॅटची, ऑक्टेव्ह की (सप्तक वर नेणारी कळ) नाही, आणि बोटं न हलवता वरचा बी फ्लॅट, मग त्याच्या वरचा एफ, मग पुढचा बी फ्लॅट काढायचा. अडीचवर हे जमायला लागलं की पाम की आपोआप वर येतील.

रीड खरोखरच मऊ आहे की नाही हे ओळखायचं असेल तर मधला सूर धरून आवाज सावकाश वाढवत न्या. एका टप्प्यावर आवाज वाढायचा थांबून चपटा होतो, गळा आवळल्यासारखा, आणि सूर हलतो. फुंकेच्या दाबाने रीड फटीवर मिटायला लागली असा त्याचा अर्थ. हे तुमच्या नेहमीच्या मोठ्या आवाजाच्या आतच होत असेल तर रीड मऊ. तसं नसेल तर अडीच बरोबर आहे.

झुळूक

करून बघितलं. भिंती हादरेपर्यंत मिटत नाही. मग ओव्हरटोन.

निषाद_कोमल

आणि भिजवलेल्या रीड्स माउथपीसवर तशाच ठेवू नका. आज महिनाभर झाला म्हणता म्हणून सांगतो, याच सुमाराला लोक आळशी होतात.

बोरकूट

उशिरा आलो. वाचनखूण साठवली आहे. एक प्रश्न. माझ्या रीड्सवर सालीच्या भागात तपकिरी ठिपके आहेत, नव्या डब्यातल्यासुद्धा. बुरशी का? मी त्या हवाबंद डबीत ठेवतो, आतल्या ओलाव्यासाठी ७३ टक्क्यांची पुडी ठेवून.

रानबोरू

नव्या रीडवर सालीत मुरलेले तपकिरी डाग किंवा रेघा असतील तर ते नळाचेच. आवाजाला त्याने काही होत नाही. काही जण तर मुद्दाम डागवाल्या निवडतात, त्यात तथ्य किती ते त्यांनाच माहीत.

बुरशी वेगळी दिसते. ती वरच्या थरावर, बहुतेक पाठीवर किंवा तासलेल्या भागावर, करडी किंवा काळी, लव असलेली, आणि वास येतो. पुडी ठीक आहे, पण ओलीचिंब रीड पुसल्याशिवाय हवाबंद डबीत घातली तर बुरशी येणारच. आधी पुसा, थोडा वेळ उघडी ठेवा, मग डबी. नुकती दिसायला लागलेली असेल तर तीन टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये काही मिनिटं बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा. डबीही धुवा, नाहीतर पुढची रीड तिथेच आजारी पडते. पाठीवर पसरली असेल तर मात्र जीव लावू नका, फेकून द्या. ती तोंडात घालायची वस्तू आहे.